नावाची मिरास

नवा धंदा काढू पाहणारा मनुष्य जागेची चौकशी करतो, भांडवलाची जुळवाजुळव करतो, यंत्रांचे भाव चार ठिकाणी विचारून घेतो, चांगल्या कारागिरांची मनधरणी करतो, आणि हे सारे जमून येऊन पाटी रंगवणारा दारात उभा राहिला म्हणजे मग 'बरे, नाव काय द्यायचे?' हा प्रश्न घरातल्या चार माणसांपुढे टाकतो. कोणी कुलदैवताचे नाव सुचवितो, कोणी नुकत्याच जन्मलेल्या नातीचे, कोणी इंग्रजी शब्दकोश उघडून बसतो, आणि तासाभरात निकाल लागतो. वस्तुतः त्या धंद्यातील यंत्रे दहापंधरा वर्षांत भंगारात जाणार असतात, जागा बदलणार असते, भागीदार येणार-जाणार असतात, विकावयाचा मालही कालांतराने पार निराळा होण्याचा संभव असतो. या सर्व घालमेलीतून शाबूत राहण्याची शक्यता कशाची असेल, तर ती त्या तासाभरात ठरविलेल्या नावाची. ज्याचे आयुष्य सर्वांत दीर्घ त्याच्याच निवडीस सर्वांत थोडा वेळ मिळावा, हा आपल्या व्यवहारातील एक उफराटाच न्याय होय.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेव्हा सायकल ही एवढी नवलाईची चीज होती की दुकानाच्या नावात तिचा उल्लेख करण्याचा मोह दुसऱ्या कोणासही सहज झाला असता. पाटीवर मात्र 'किर्लोस्कर ब्रदर्स' एवढेच आले. पुढे सायकली मागे पडल्या, कडबा कापण्याची यंत्रे आली, १९०३ साली लोखंडी नांगर आला, १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, पंप आले, आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीस तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा कारखाना निघाला. प्रत्येक टप्प्यावर माल बदलला, गाव बदलले, गिऱ्हाईक बदलले. नाव बदलावे लागले नाही, कारण त्या नावाने मालाविषयी कसलाच शब्द दिलेला नव्हता. याच्या उलट प्रकार पाहावयाचा तर टाटांच्या मोटार कंपनीचा दाखला घ्यावा. १९४५ साली ती निघाली आगगाडीची इंजिने बांधण्यासाठी, म्हणून 'लोकोमोटिव्ह' हा शब्द तिच्या नावात बसला. पुढे इंजिनांचे काम संपले, रस्त्यांवर तिच्या मालमोटारी धावू लागल्या, तरी 'टेल्को' या संक्षेपाच्या पोटात तो निरुपयोगी झालेला शब्द वर्षानुवर्षे तसाच राहिला, आणि अखेर २००३ साली तो काढून 'टाटा मोटर्स' असे नामांतर करावे लागले. या नामांतरात गळाले ते जुने वर्णन आणि उरले ते आडनाव, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

टिकाऊ नावाचे पहिले लक्षण यातून हाती लागते. नाव मालाचे जितके अधिक वर्णन करील तितके ते आपले कमी आणि जगाचे अधिक होते. पहिल्या दिवशी वर्णनपर नाव फार सोयीचे वाटते, यात शंका नाही. 'शुद्ध', 'ताजे', 'उत्तम', 'गावरान' असले शब्द पाटीवर असले म्हणजे आत काय मिळते ते न विचारता कळते. परंतु हे शब्द गावच्या गायरानासारखे असतात: तेथे गुरे चारण्याची सर्वांना मुभा, कुंपण घालण्याची कोणासच नाही. चिरकाल टिकणारे नाव म्हणजे मिरासीची जमीन. ती प्रथम ओसाड असली तरी चालते, पण ती आपली असावी लागते, म्हणजे तीत घातलेले खत आपल्याच पिकास लागते. १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाच्या ९ व्या कलमाने हाच विवेक कायद्याच्या भाषेत मांडला आहे: मालाचा प्रकार, दर्जा, परिमाण, उपयोग, किंमत किंवा उत्पत्तिस्थान एवढेच सांगणारे शब्द कोणा एकाच्या नावे नोंदले जात नाहीत, दीर्घ वापरामुळे तो शब्द लोकांच्या मनात एकाच धंद्याशी जोडला गेला आहे असे अर्जदाराने सिद्ध केले, तर मात्र त्यास अपवाद होतो.

गायरानात कुंपण घालू पाहण्यात किती श्रम पडतात, हे पाहण्यास बिस्किटाच्या एका वेष्टनाइतके बोलके साधन दुसरे नाही. मुंबईच्या विलेपार्ले उपनगरात १९२९ साली सुरू झालेल्या 'पार्ले' कारखान्याने आपल्या बिस्किटांना 'ग्लुको' हे नाव दिले, ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदविलेही, आणि १९४० च्या कायद्याखाली १९४२ साली वेष्टनाचीही नोंद करून घेतली. त्या फिकट पिवळसर वेष्टनावर शेतावरच्या घराचे अंगण होते, मधोमध पाण्याची बादली घेतलेली मुलगी, तिच्याभोवती गाई आणि कोंबड्या, मागे घर आणि झाडे. १९६१ साली कंपनीच्या असे नजरेस आले की म्हैसूर राज्यातील एक पेढी जवळजवळ तशाच वेष्टनात बिस्किटे विकीत आहे: आकार तोच, रंग तसाच, मुलगी आहे, गाय आहे, कोंबड्या आहेत, कुंपणासह घर आहे, आणि माथ्यावर शब्द आहेत 'ग्लुकोज बिस्किटे'. फिर्याद झाली. खालच्या न्यायालयाने आणि पुढे म्हैसूरच्या उच्च न्यायालयाने दोन्ही वेष्टने शेजारी शेजारी ठेवून त्यांतील फरक मोजले आणि दावा फेटाळला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. दुकानात जाणारा मनुष्य दोन पुडे हातात धरून तुलना करीत बसत नाही, त्याच्या मनात एक ढोबळ ठसा असतो आणि त्या ठशावर तो माल उचलतो, तेव्हा फरक किती हे मोजण्यापेक्षा एकंदर साम्य किती हे पाहावयाचे, असा त्या निकालाचा आशय आहे.

पार्ले दावा जिंकली खरी, पण ती मुख्यतः त्या चित्राच्या आणि एकंदर मांडणीच्या बळावर. 'ग्लुकोज' हा शब्द तर रसायनशास्त्राचा, तो बाजारातून हद्दपार करणे कोणत्याच न्यायालयाच्या हाती नव्हते. निरनिराळ्या कारखान्यांची ग्लुकोज बिस्किटे दुकानांच्या फळीवर येतच राहिली, आणि गिऱ्हाईक 'ग्लुकोज द्या' एवढेच म्हणू लागले की दुकानदार हाताला येईल तो पुडा पुढे करी. शेवटी १९८० नंतरच्या दशकात कंपनीने स्वतःच 'ग्लुको' सोडले आणि 'पार्ले-जी' हे नाव धारण केले. चाळीसहून अधिक वर्षे ज्यावर खर्च केला तो शब्द एका अक्षरापुरता उरला, आणि पुढे आले ते उपनगराचे नाव, ज्यावर बिस्किटवाल्यांपैकी दुसऱ्या कोणाचा दावा नव्हता.

येथे कोणी विचारील की उत्पत्तिस्थान दाखविणाऱ्या शब्दास जर कायदा हरकत घेतो, तर 'पार्ले' कसे चालले? याचे उत्तर असे की गावाचे नाव त्या मालासाठी प्रसिद्ध आहे की नाही, किंवा गिऱ्हाइकास ते मालाचे मूळ वाटेल की नाही, यावर बरेच अवलंबून असते. बर्फाच्छादित शिखरांच्या चित्रासह 'सिमला' हे नाव सिगारेटसाठी मागणाऱ्या कंपनीस कलकत्ता उच्च न्यायालयाने १९७७ साली नकार दिला, कारण एवढ्या ख्यातनाम शहराचे नाव एका व्यापाऱ्याच्या मक्त्यात देणे न्यायालयास रास्त वाटले नाही. सारांश, गावाचे नाव घ्यावयाचे झाल्यास ते असे असावे की त्यात मालाची ग्वाही नसेल. कोल्हापूरचे नाव चपलांना किंवा नागपूरचे नाव संत्र्यांना देऊन त्यावर एकट्याने हक्क सांगू पाहणाऱ्याने तो नाद प्रारंभीच सोडावा हे बरे.

आपल्याकडे सर्वांत रूढ अशी रीत आडनावाची. गिरगावात १९१० पासूनचे बेडेकर, भिलवडीस १९३९ साली दुधाचा धंदा सुरू करून १९५० साली पुण्यात 'चितळे बंधू मिठाईवाले' या नावाने दुकान थाटणारे चितळे, ही त्या परंपरेची परिचित नावे. आडनावात एक नैतिक जामिनकी असते. माल खराब निघाला तर दोष कोणाच्या माथी जावयाचा हे पाटीवरच लिहिलेले असते, आणि पूर्वीच्या गिऱ्हाइकाला त्याचे मोल फार वाटे. लोक नावाची काटछाट कशी करतात हेही येथे पाहण्यासारखे आहे. 'बंधू' आणि 'मिठाईवाले' हे दोन्ही शब्द पाटीवर आहेत, पण पुण्यात कोणी विचारतो ते 'चितळ्यांची बाकरवडी' कोठे मिळेल एवढेच. वर्णनाचे शेपूट लोकांनी केव्हाच गाळून टाकले.

परंतु आडनावाच्या पोटात भाऊबंदकीचे बीज असते हेही विसरता येत नाही. पहिल्या पिढीत एका चुलीवर चाललेला धंदा तिसऱ्या पिढीत तीन चुलींवर जातो, आणि शेतजमिनीचे जसे सरसनिरस वाटप करता येते तसे नावाचे येत नाही. स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्यास कायद्याच्या ३५ व्या कलमाचे संरक्षण आहे, तरी त्यासही मर्यादा आहेत. 'महेंद्र अँड महेंद्र' या नावाने कागद विकू पाहणाऱ्या एका कंपनीस जीपगाड्यांच्या 'महिंद्र अँड महिंद्र'ने आव्हान दिले, तेव्हा कागद कोठे आणि जीप कोठे हा युक्तिवाद टिकला नाही, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने मनाई हुकूम कायम ठेवला. ज्यांना आडनाव लावावयाचे आहे त्यांनी भागीदारीच्या पहिल्याच दस्तऐवजात, पुढे फाटाफूट झाल्यास नाव कोणाकडे राहील याची स्पष्ट तजवीज करून ठेवावी. प्रेमाच्या दिवसांत असे कलम लिहिणे अभद्र वाटते, आणि भांडणाच्या दिवसांत ते लिहिणे अशक्य होते.

याहून निराळी वाट म्हणजे मालाशी कसलाच संबंध नसलेला किंवा मुळातच भाषेत नसलेला शब्द घेणे. गिरगावात १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि वड्या विकण्यास प्रारंभ केला तो 'घोडा छाप' म्हणून. त्या काळी अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईक चित्र पाहून माल ओळखी, म्हणून काड्यापेटीपासून कापडाच्या तागापर्यंत घोडे, वाघ, सिंह आणि हत्ती यांची बाजारात गर्दी उसळलेली होती. त्या गर्दीत घोडा हा सर्वांत सामान्य. पुढे शाईवर उंट आला, 'कॅमल' आणि 'इंक' यांच्या संयोगातून 'कॅमलिन' हा शब्द घडला, आणि तो मात्र दुसऱ्या कोणाचा असण्याचा संभवच नव्हता. उंटाचा शाईशी काय संबंध, असे शाळेत कंपासपेटी नेणाऱ्या एकाही मुलाने कधी विचारले नसेल. 'विको' हे नावही असेच: 'विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी' हा लांबलचक ऐवज केशव विष्णू पेंढरकर यांच्या १९५२ सालच्या उद्योगाने दोन अक्षरांत मावविला. बेळगावात किर्लोस्करांचे दुकान निघाले त्याच १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन याने 'कोडॅक' हा शब्द नोंदविला. तो त्याने शुद्ध कल्पनेने रचलेला होता, लहान होता, कोणत्याही भाषेत चुकीचा उच्चारणे अवघड होते, आणि त्याचा अर्थ काहीच नव्हता.

अर्थहीन शब्दाची किंमत मात्र रोख मोजावी लागते. पहिली काही वर्षे त्याने काय विकले जाते हे लोकांना सांगत राहावे लागते, जाहिरातीचा खर्च वाढतो, आणि हातात भांडवल थोडे असेल त्यास ही वाट चढणीची वाटते. अशा वेळी मधला मार्ग असा की मालाचे वर्णन न करता त्याची नुसती चाहूल देणारा शब्द शोधावा. पितळी भांडी उजळणाऱ्या पुडीस 'पितांबरी' म्हणणाऱ्याने पितळेचा पिवळेपणा सुचविला, पण 'पितळ साफ करण्याची पूड' असे म्हटले नाही, आणि त्यामुळे नाव सुबोधही झाले व स्वतःचेही राहिले.

नाव कागदावर वाचण्यापेक्षा कानाने पारखावे, हा नियम न्यायालयांनीही मान्य केलेला आहे. 'अमृतधारा' या जुन्या औषधाच्या मालकांनी 'लक्ष्मणधारा' या नावास हरकत घेतली, तेव्हा उच्च न्यायालयास दोन शब्दांचे अर्थ भिन्न दिसले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र असे मानले की खेड्यातले किंवा शहरातले साधे गिऱ्हाईक शब्दांचा समास सोडवीत बसत नाही, त्याची स्मृती अपुरी असते, आणि त्या अपुऱ्या स्मृतीत ही दोन नावे एकमेकांत मिसळण्याचा संभव आहे. तथापि मूळ मालकांनी दुसऱ्याच्या जाहिराती पाहूनही दीर्घकाळ मौन पाळले होते, म्हणून त्या दुसऱ्यास उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळालीच. नाव मिळविणे जितके महत्त्वाचे तितकेच त्याच्यावर पहारा ठेवणे, हे या निकालातले दुसरे तात्पर्य.

मराठी माणसास कानाच्या या परीक्षेत काही स्वतःच्या अडचणी आहेत. आपला 'ळ' महाराष्ट्राची उत्तर सीमा ओलांडली की 'ल' होतो, आणि 'ज्ञ' तर आपल्याकडे एका रीतीने व हिंदी मुलखात दुसऱ्या रीतीने उच्चारला जात असल्यामुळे रोमन लिपीत तो कसा लिहावा याचेच एकमत नाही. ज्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता दूरध्वनीवर सांगताना एकेक अक्षर फोड करून द्यावे लागते, ते नाव रोज थोडे थोडे गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवीत असते. महाराष्ट्रात दुकानाची पाटी देवनागरीत असणे आणि ती अक्षरे इतर लिपीतील अक्षरांहून लहान नसणे कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा नाव दोन्ही लिपींत डौलाने बसते की नाही हे पाटी रंगविण्यापूर्वीच लिहून पाहावे.

काही शब्दांवर हात घालूच नये. देवाधर्माची आणि थोर पुरुषांची नावे आपल्याकडे फार सहज सुचतात, कारण त्यांत श्रद्धा असते आणि शकुनही असतो. परंतु 'रामायण' हे नाव उदबत्त्यांसाठी एकट्याच्या मालकीचे होऊ शकत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले; पवित्र ग्रंथाच्या नावावर मक्ता कोणासच मिळत नाही. पुण्याच्या एका जुन्या पेढीची 'संभाजी' विडी कित्येक दशके खपत होती, पण छत्रपतींचे नाव तंबाखूवर असू नये अशी लोकभावना प्रबळ झाली आणि कारखान्यास ते बदलून 'साबळे' करावे लागले. मद्य विकणाऱ्या दुकानांस महापुरुषांची व गडकिल्ल्यांची नावे देण्यासही महाराष्ट्राने २०२२ पासून मनाई केली आहे. ज्या नावाचा मान राखणे आपल्या मालास शक्य नाही, ते नाव उसने घेणे म्हणजे पुढच्या पिढीवर कर्ज ठेवणे होय.

फार यशस्वी झालेल्या नावावरही एक संकट येते. 'झेरॉक्स काढून आण' असे आपण म्हणतो तेव्हा यंत्र कोणत्या कंपनीचे आहे याची आपणास पर्वा नसते. कोणत्याही चॉकलेटास मूल 'कॅडबरी' म्हणते. वनस्पती तुपास एक पिढी सरसकट 'डालडा' म्हणत होती. मालकास हे प्रथम वैभव वाटते, पण हळूहळू त्याची मिरास पुन्हा गायरानात मोडू लागलेली असते. अमेरिकेत 'ॲस्पिरिन' हा शब्द १९२१ साली आणि 'थर्मॉस' हा १९६३ साली याच मार्गाने न्यायालयांनी सर्वांस खुला केला. यावर उपाय एवढाच की नाव मालाच्या प्रकाराचे म्हणून कधी वापरू नये. पुड्यावर आपले नाव आणि त्याखाली वस्तूचे सामान्य नाव, अशी दोन्ही स्वतंत्रपणे छापावीत.

आणि काही वेळा मनुष्याचा काहीच दोष नसता काळच नावावर उलटतो. टाटांनी एका छोट्या मोटारीस 'झिका' हे नाव ठरविले आणि नेमक्या त्याच सुमारास त्याच उच्चाराच्या विषाणूची साथ जगभर गाजू लागली. २०१६ साली त्यांनी गाडी बाजारात आणण्यापूर्वीच नाव बदलून 'टियागो' केले. थोडक्यात निभावले ते एवढ्यासाठीच की नाव अद्याप लोकांच्या तोंडी बसले नव्हते.

उरला कचेरीचा भाग. कंपनी निबंधकाकडे नाव मंजूर झाले म्हणजे व्यापारचिन्ह मिळाले, ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती सर्वस्वी चुकीची आहे. ती दोन निराळी दप्तरे आहेत. व्यापारचिन्हांच्या नोंदणी कचेरीचे मुख्य ठाणे मुंबईतच असून तिच्या संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य शोध घेता येतो. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. आपला धंदा ज्या वर्गात मोडतो तेथे मिळतेजुळते नाव आधी कोणी मागितले आहे काय हे पाहावे, आणि पाहताना केवळ तेच अक्षर नव्हे तर तोच उच्चार शोधावा. व्यक्ती, नवउद्योग आणि लघुउद्योग यांना संगणकाद्वारे अर्ज करण्यास प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क पडते. तपासणीत अर्ज टिकला तर तो सरकारी जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, हरकती घेण्यास ४ महिन्यांची मुदत असते, आणि नोंदणी झाली की तिचा अंमल अर्जाच्या तारखेपासून १० वर्षे चालतो व पुढे वेळोवेळी वाढवून घेता येतो. नाव नोंदवून ५ वर्षे वापरलेच नाही तर दुसरा कोणी ते काढून टाकण्याची मागणी करू शकतो. उलट नोंदणी नसूनही जो आधीपासून अखंड वापर करीत आला, त्याची वहिवाट ३४ वे कलम मान्य करते. म्हणून पहिल्या दिवसापासूनची बिले, जाहिराती आणि पत्रव्यवहार तारखेनिशी जपून ठेवावीत. उद्या हक्क सिद्ध करावयाचा झाल्यास तोच पुरावा.

एवढे सर्व करूनही नाव धंद्याला तारीलच असे नाही. कोडॅकसारखा निर्दोष शब्द हाताशी असूनही त्या कंपनीस २०१२ साली दिवाळखोरीचा आश्रय घ्यावा लागला. काळ बदलला आणि नाव त्याला अडवू शकले नाही. नाव मालास चांगले करीत नाही. ते फक्त चांगल्या मालाचे श्रेय दुसऱ्याच्या पदरात पडू देत नाही, आणि वाईट मालाचा दोषही चुकवू देत नाही. म्हणून ज्यास आपल्या मालाचा भरवसा आहे त्याने दोनतीन नावे महिनाभर मनात घोळवावीत, ती परक्या प्रांतातल्या माणसाकडून मोठ्याने म्हणवून घ्यावीत, त्यांतले जे मालाविषयी सर्वांत कमी सांगेल आणि जिभेवर सर्वांत सहज येईल ते ठेवावे, दप्तरात त्याचा शोध घ्यावा, साडेचार हजारांचा अर्ज भरावा, आणि रंगाऱ्याला बोलावणे धाडावे ते त्यानंतर.